रोमन अंक : ते कसे वाचावे व कसे लिहावे

जुन्या इंग्रजी शास्त्रपुस्तकांत, टीकाग्रंथांत, घड्याळाच्या तबकडीवर, इमारतीच्या कोनशिलेवर, राजाच्या नांवापुढें, अशा अनेक ठिकाणीं आंकड्यांच्या जागीं इंग्रजी अक्षरें लिहिलेलीं दिसतात. हीं अक्षरें शब्द नव्हेत. ते रोमन अंक होत. ज्यांस त्यांची ओळख नाहीं, ते तेवढाच भाग सोडून पुढें वाचतात, किंवा अंदाजानें कांहीं तरी समजतात. सोडून देण्यानें थोडेंच नुकसान होतें. अंदाजानें मात्र पुष्कळ होतें.

एक उदाहरण घ्या. गांवांत कोणी मरण पावलें आहे, आणि पाळक दूरच्या गांवीं आहेत. त्यांनीं उपदेशकाकडे चिठ्ठी पाठविली कीं, प्रेतविधीच्या वेळीं स्तोत्रसंहितेंतील अमुक स्तोत्र वाचावें. आणि स्तोत्राचा अंक 'एक्स-सी' असा रोमन पद्धतीनें लिहिला. हा अंक ९० होय. नव्वदावें स्तोत्र मोशेची प्रार्थना असून त्यांत मनुष्याच्या अल्प आयुष्याचें व देवाच्या सनातनपणाचें वर्णन आहे. शोक करणारांस तें योग्य आहे. परंतु उपदेशकानें तींच दोन अक्षरें उलट क्रमानें, म्हणजे 'सी-एक्स' अशीं समजलीं, तर तो अंक ११० होतो. एकशेंदहावें स्तोत्र राजाच्या जयाविषयीं आहे. त्यांत शत्रूंचा व राजांचा नाश सांगितला आहे. कबरेजवळ उभ्या असलेल्या विधवेस तें ऐकून काय समाधान होईल? अक्षरें तींच, केवळ क्रम बदलला, आणि वीसांचा फरक पडला. म्हणून हा लहानसा विषय नीट शिकून घेणें बरें. एका संध्याकाळीं पाटी घेऊन बसल्यास तो सहज येतो.

१. सात अक्षरें

रोमन अंकांत एकंदर सातच चिन्हें आहेत. ज्यांस इंग्रजी वाचतां येत नाहीं त्यांनींहि त्यांच्या आकृति ध्यानांत ठेवाव्या.

आय : एक उभा दंड. किंमत १.
व्ही : दोन तिरप्या रेघा, खालीं एकत्र मिळालेल्या. किंमत ५.
एक्स : फुली. किंमत १०.
एल : उभी रेघ, व तिच्या पायथ्याशीं उजवीकडे गेलेली आडवी रेघ. किंमत ५०.
सी : उजवीकडे उघडी असलेली चंद्रकोर. किंमत १००.
डी : डावीकडे सरळ दोरी व उजवीकडे कमान, असें ताणलेलें धनुष्य. किंमत ५००.
एम : दोन खांब, व त्यांच्यामध्यें लोंबणारी व्ही. किंमत १०००.

दुधाचा रतीब मोजण्यासाठीं भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढण्याची चाल आपल्याकडे आहे. दररोज एक रेघ ओढावी, आणि कांहीं रेघा झाल्यावर निराळी खूण करावी, म्हणजे मोजण्यास सोपें जातें. विद्वानांच्या मतें रोमन अंकांचा उगमहि अशाच प्रकारचा आहे. इटली देशांतील प्राचीन लोक लांकडावर खांचा पाडून गुरें व माल मोजीत. एकासाठीं साधी खांच, पांचासाठीं व दहासाठीं निराळी. रोमी लोकांच्या शेजारीं राहणारे एत्रुस्कन लोक अशाच खुणा वापरीत असत. पुढें या खुणांस अक्षरांचें रूप आलें. लॅटिन भाषेंत शंभरास 'केंतुम' व हजारास 'मिल्ले' म्हणतात. त्यांचीं पहिलीं अक्षरें सी व एम हीं आहेत, म्हणून तीं लक्षांत राहण्यास सोपीं. शुभवर्तमानांत ज्यास शताधिपति म्हटलें आहे, त्या रोमी अंमलदाराचें लॅटिन नांवहि याच शंभर या शब्दावरून झालें आहे.

२. मिळवणीचा नियम

मोठें चिन्ह अगोदर व लहान चिन्ह नंतर असेल, तर सर्वांची बेरीज करावी. हा पहिला नियम होय.

हें आपणांस पैशावरून चांगलें समजेल. आपल्या व्यवहारांत १, ५ व १० रुपयांचीं नाणीं आहेत, आणि ५०, १०० व ५०० रुपयांच्या नोटा आहेत. हजाराची नोटहि होती, ती इ. स. २०१६ सालीं रद्द झाली. पाहा, रोमन अंकांच्या किंमतीहि नेमक्या याच आहेत! आतां कोणास ३८ रुपये द्यावयाचे आहेत, आणि आपणांजवळ दहाचीं, पांचाचीं व एकाचींच नाणीं आहेत. आपण दहाचीं तीन नाणीं, पांचाचें एक व एकाचीं तीन देतों. रोमन पद्धतीनें ३८ असेच लिहितात : एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. त्याचप्रमाणें १६७ रुपये म्हणजे शंभराची एक नोट, पन्नासाची एक, दहाचें एक नाणें, पांचाचें एक, व एकाचीं दोन : सी-एल-एक्स-व्ही-आय-आय.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आय, एक्स, सी व एम हीं चिन्हें लागोपाठ तीन वेळांपर्यंत येतात. व्ही, एल व डी हीं मात्र कधींहि दोनदां लागोपाठ येत नाहींत. कारण दोन पांच म्हणजे दहा, आणि दहास स्वतंत्र चिन्ह आहेच.

३. वजाबाकीचा नियम

लहान चिन्ह मोठ्या चिन्हाच्या अगोदर आलें, तर तें मोठ्यांतून वजा करावें. हा दुसरा नियम होय, आणि बहुतेक चुका येथेंच होतात.

मराठी बोलणारांस हा नियम परका वाटण्याचें कारण नाहीं. आपण 'एकोणीस' म्हणतों, त्याचा अर्थ एक उणा वीस असाच आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्दहि तसेच. 'पावणेदोन' म्हणजे पाव उणे दोन. लॅटिन भाषेंतहि एकोणिसास 'वीसांतून एक' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि अठरास 'वीसांतून दोन' अशा अर्थाचा. आपण जें जिभेनें करतों, तें रोमी लोकांनीं लेखणीनेंहि केलें.

वजाबाकीच्या जोड्या केवळ सहा आहेत :

आय-व्ही म्हणजे ४. आय-एक्स म्हणजे ९.
एक्स-एल म्हणजे ४०. एक्स-सी म्हणजे ९०.
सी-डी म्हणजे ४००. सी-एम म्हणजे ९००.

यांखेरीज दुसऱ्या जोड्या करूं नयेत. शंभरांतून एक वजा करून ९९ लिहावे असें एखाद्यास वाटेल. परंतु ती रीति मान्य नाहीं. हजार, शतक, दशक व एकक हीं स्थानें निरनिराळीं घेऊन एकामागून एक लिहावीं. ९९ म्हणजे ९० व ९ : एक्स-सी, मग आय-एक्स. ४९ म्हणजे ४० व ९ : एक्स-एल, मग आय-एक्स. १९ म्हणजे १० व ९ : एक्स, मग आय-एक्स. येथें मराठी शब्दाची व रोमन लेखनाची वाट थोडी निराळी होते. आपण वीसांतून एक काढतों, ते दहांत नऊ मिळवितात.

वाचतांना अशी संवय लावावी : डावीकडून एकेक चिन्ह पाहत जावें, आणि प्रत्येक वेळीं पुढच्या चिन्हाकडे नजर टाकावी. पुढचें चिन्ह लहान किंवा तेवढेंच असेल, तर हातचें चिन्ह मिळवावें. पुढचें मोठें असेल, तर दोहोंची जोडी धरून वजाबाकी करावी, व मग पुढें जावें.

४. शास्त्रपुस्तकाचे संदर्भ

इ. स. १६११ सालीं छापलेल्या प्रसिद्ध इंग्रजी शास्त्रपुस्तकांत अध्यायांचे अंक रोमन आहेत, आणि जुन्या टीकाग्रंथांत तीच चाल दिसते. हे ग्रंथ वाचूं इच्छिणाऱ्या उपदेशकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

शास्त्रपुस्तकांतील कोणत्याहि पुस्तकाचे १५० पेक्षां अधिक अध्याय नाहींत. म्हणून अध्याय वाचण्यासाठीं डी व एम यांची गरजच पडत नाहीं. पहिलीं पांच अक्षरें पुरतात. नव्या करारांत तर मत्तय व प्रेषितांचीं कृत्यें यांचे अध्याय सर्वांत अधिक, म्हणजे अठ्ठावीस अठ्ठावीस आहेत. तेव्हां नवा करार वाचणारास आय, व्ही व एक्स हीं तीनच अक्षरें आलीं म्हणजे झालें. चाळीस किंवा त्याहून अधिक अध्याय असलेलीं पुस्तकें सातच आहेत : उत्पत्ति ५०, निर्गम ४०, ईयोब ४२, स्तोत्रसंहिता १५०, यशया ६६, यिर्मया ५२ व यहेज्केल ४८. एल हें अक्षर फक्त या सातांत लागेल. आणि सी फक्त स्तोत्रसंहितेंत.

जुन्या ग्रंथांत पुस्तकाच्या नांवापूर्वीं रोमन अंक असेल तर तो पुस्तकाचा क्रम होय. नांवानंतर असेल तर तो अध्याय होय. आणि त्यापुढें साधे अंक असतील तर तें वचन होय. समजा, अगोदर दोन दंड, मग करिंथकरांच्या पत्राचें नांव, मग व्ही, आणि मग १७ असें छापलें आहे. याचा अर्थ करिंथकरांस दुसरें पत्र, पांचवा अध्याय, सतरावें वचन. अध्यायाचा अंक पुष्कळ वेळां लहान अक्षरांत छापतात. लहान आयवर टिंब असतें, पण किंमत तीच राहते. पुस्तकाच्या प्रस्तावनेचीं पानेंहि अशाच लहान अक्षरांनीं मोजण्याची चाल आहे, म्हणजे मुख्य ग्रंथाचें पहिलें पान १ या अंकानें सुरू करतां येतें.

ज्या जोड्यांनीं घोटाळा होतो त्या पाटीवर लिहून ठेवाव्या : ४ व ६, ९ व ११, ४० व ६०, ९० व ११०. या प्रत्येक जोडीत अक्षरें सारखींच आहेत; केवळ लहान अक्षर अगोदर कीं नंतर एवढाच भेद आहे.

५. नाणीं, शिला व कायदा

कोणाच्या घरीं जुना चांदीचा रुपया जपून ठेवलेला असेल, तर तो मुलांस दाखवावा. इ. स. १९०३ ते १९१० या सालांच्या रुपयांवर एडवर्ड राजाच्या नांवापुढें व्ही-आय-आय, म्हणजे सातवा, असें आहे. त्यानंतरच्या रुपयांवर जॉर्जच्या नांवापुढें नुसती व्ही असेल तर तो पांचवा जॉर्ज. व्हीच्या उजवीकडे एक दंड असेल तर तो सहावा.

मुंबईस अपोलो बंदरावर जी मोठी कमान आहे, तिच्यावरील इंग्रजी लेखांत पांचवा जॉर्ज व राणी मेरी हीं दोन डिसेंबर रोजीं हिंदुस्थानांत उतरलीं असें लिहिलें असून वर्ष रोमन अंकांत आहे : एम-सी-एम-एक्स-आय. आतां वाचा. एम म्हणजे १०००. पुढें सी आहे, पण त्याच्यापुढें एम मोठें आहे, म्हणून सी-एम ही जोडी धरावी : ९००. एक्स १०, आय १. एकंदर १९११. परंतु कमान त्या वर्षीं बांधली असें समजूं नये. तिचा पाया १९१३ सालीं घातला, व ती १९२४ सालीं पुरी झाली. शिलेवरील अंक वाचतां आला तरी तो कोणत्या गोष्टीचा आहे हें लेखाच्या शब्दांवरूनच ठरवावें.

इ. स. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या देशाच्या संविधानाच्या इंग्रजी प्रतींतहि भागांस रोमन अंक आहेत. तीन दंडांचा, म्हणजे तिसरा भाग मूलभूत हक्कांचा. आय-व्ही, म्हणजे चौथा भाग राज्याच्या धोरणाच्या तत्त्वांचा. १९७६ सालीं नागरिकांच्या कर्तव्यांचा भाग नव्यानें घातला, तेव्हां त्यास चौथ्या अंकापुढें ए हें अक्षर जोडलें. हा ए अंक नव्हे. आपण '४ क' लिहितों त्यांतील क सारखें तें अक्षर आहे.

६. नियमाबाहेरचीं रूपें

घड्याळाच्या तबकडीवर चाराच्या जागीं आय-व्ही न लिहितां चार दंड काढलेले पुष्कळदां आढळतात. ही कारागिराची चूक नव्हे. जुनी रूढ पद्धत आहे. रोम शहरांतील कोलोसियम नांवाच्या प्रचंड क्रीडागृहाच्या दारांवर कोरलेल्या अंकांतहि असेंच आहे. तेथें ४४ व्या दारावर चाळीसांसाठीं एक्स-एल ही वजाबाकीची जोडी आहे, परंतु चारांसाठीं चार दंड आहेत. लंडन येथील वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या घड्याळावर मात्र आय-व्ही आहे. तात्पर्य, वजाबाकीचा नियम प्राचीन काळीं आजच्या इतका सक्तीचा नव्हता. जुना लेख वाचतांना चार दंड दिसल्यास चार समजावे. स्वतः लिहितांना आय-व्ही लिहावें. तसेंच, घड्याळावरील अंकांचे पाय बहुधा मध्याकडे असतात, म्हणून खालच्या बाजूचे अंक उलटे दिसतात. ते मध्यावर उभें राहून वाचीत आहों अशी कल्पना करून वाचावे.

दुसरी सावधगिरी अशी कीं, प्रत्येक अक्षर अंक नसतें. इ. स. ७० मध्यें यरुशलेमेस वेढा घालणाऱ्या रोमी सैन्यांत दहावें सैन्यदल होतें, व पुढें तें तेथेंच राहिलें. त्याच्या शिक्क्याच्या विटा व कौलें यरुशलेमेंत सांपडलीं आहेत. कांहींवर एल, एक्स व एफ अशीं तीन अक्षरें आहेत. एल-एक्स पाहून कोणी साठ म्हणेल. परंतु येथें एल हें सैन्यदल या अर्थाच्या 'लेगियो' शब्दाचें पहिलें अक्षर आहे, एक्स म्हणजे दहावें, आणि एफ हें त्या दलाच्या 'फ्रेतेन्सिस' या नांवाचें पहिलें अक्षर आहे. सभोंवतालचे शब्द न पाहतां अर्थ करूं नये, हा नियम येथेंहि लागू आहे.

७. हे अंक मागें कां पडले?

रोमन अंकांनीं बेरीज करणें अवघड नाहीं. २७ व ३८ यांची बेरीज करून पाहा. दोहोंचीं चिन्हें एकत्र केलीं म्हणजे एक्स पांच, व्ही दोन व आय पांच होतात. पांच एक्स म्हणजे एक एल. दोन व्ही म्हणजे एक एक्स. पांच आय म्हणजे एक व्ही. उत्तर एल-एक्स-व्ही, म्हणजे ६५. परंतु गुणाकार-भागाकार लेखणीनें करूं लागल्यास फार त्रास होतो. रोमी लोक असा हिशेब फळ्यावर खडे मांडून करीत. खड्यास लॅटिनमध्यें 'काल्कुलुस' म्हणतात. हिशेब करण्याच्या यंत्रास आज आपण कॅलक्युलेटर म्हणतों, त्याचें मूळ हाच खडा होय.

शिवाय या सात चिन्हांत शून्य नाहीं, आणि स्थानावरून दहापट किंमत होत नाहीं. ३८८८ लिहिण्यास रोमन पद्धतींत पंधरा अक्षरें लागतात. आपल्यास चार अंक पुरतात. अंक लांब म्हणून मोठा असेंहि नाहीं : ८८८ यास बारा अक्षरें, आणि १००० यास एकच.

आपले अंकहि पहिल्यापासून आजच्या सारखे नव्हते. पुणें जिल्ह्यांत जुन्नरजवळ नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजांच्या काळचा, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यांत यज्ञांत दिलेल्या दानांच्या संख्या कोरल्या आहेत. तेथेंहि दहा, शंभर व हजार यांस निराळीं चिन्हें आहेत, शून्य नाहीं. परंतु २, ४, ६, ७ व ९ या अंकांचीं प्राचीन रूपें तेथें पाहावयास मिळतात. पुढें या देशांत स्थानावरून किंमत ठरविण्याची रीति निघाली, आणि इ. स. ६२८ सालीं ब्रह्मगुप्तानें शून्याच्या गणिताचे नियम लिहिले. नवव्या शतकांत बगदाद येथील अल् ख्वारिझ्मी यानें ही भारतीय रीति अरबी भाषेंत समजावून सांगितली. इटलींतील पिसा शहरच्या लेओनार्दो यानें ती उत्तर आफ्रिकेंत शिकून इ. स. १२०२ सालीं आपल्या ग्रंथांत मांडली. तथापि लोकांनीं ती एकदम स्वीकारली नाहीं. १२९९ सालीं फ्लॉरेन्स शहरच्या सराफांच्या संघानें आपल्या हिशेबवह्यांत हे नवे अंक लिहिण्यास मनाई केली. शेवटीं सोयीचा जय झाला. रोमन अंक हिशेबांतून गेले, आणि क्रम, वर्षें व राजांचीं नांवें दाखविण्यापुरते उरले.

म्हणून रोमन अंक मोठे विद्येचे आणि आपले १, २, ३ हलके, असें कोणी समजूं नये. जे अंक आपलें मूल पाटीवर गिरवितें, त्यांच्याच पूर्वजांनीं जगाचा हिशेब हातीं घेतला. रोमन अंक शिकावयाचे ते दुसऱ्यानें लिहिलेलें बरोबर वाचतां यावें, आणि कोणी चुकीचें सांगितल्यास ओळखतां यावें म्हणून.

अभ्यास

(अ) हे अंक वाचा :
१. एक्स-व्ही-आय-आय-आय.
२. एक्स-एल-आय-आय (ईयोबाचा शेवटचा अध्याय).
३. एल-एक्स-व्ही-आय (यशयाचा शेवटचा अध्याय).
४. सी-एक्स-आय-एक्स (सर्वांत मोठें स्तोत्र).
५. एम-डी-सी-सी-सी-एक्स-एल-आय-आय (अहमदनगरास 'ज्ञानोदय' पत्र निघालें तें वर्ष).
६. एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय (देश स्वतंत्र झाला तें वर्ष).

(आ) रोमन अंकांत लिहा : २९, ४४, ९०, १५०, १९५०, २०२४.

उत्तरें न पाहतां पाटीवर सोडवावें, व मग ताडून पाहावें.

उत्तरें. (अ) १८, ४२, ६६, ११९, १८४२, १९४७. (आ) एक्स-एक्स-आय-एक्स, एक्स-एल-आय-व्ही, एक्स-सी, सी-एल, एम-सी-एम-एल, एम-एम-एक्स-एक्स-आय-व्ही.